पलीकडचा

कँडीच्या बैठकांचा नियम साधा होता. काय बोललं गेलं ते लिहायचं, कोण बोललं ते लिहायचं नाही. नियम घातला होता राजदूत कर्णिक यांनी. निवृत्तीनंतर पुण्यात पाषाणच्या टेकडीखाली त्यांनी परराष्ट्र संबंधांच्या अभ्यासाची एक संस्था काढली. वर्षातून दोनदा शेजारच्या देशातल्या चार-पाच जाणत्या माणसांना ते श्रीलंकेत, कँडीच्या एका अतिथिगृहात बोलवायचे आणि चार दिवस मोकळेपणी बोलायचे. शेजारच्या देशाचं नाव इथे सांगत नाही. डोंगरात आपल्या वरच्या अंगाला आहे आणि आपलं त्याच्याशी पटत नाही, एवढं पुरे. सरकारी टेबलावर जे तोंडातून काढायची सोय नसते ते कँडीला बोललं जायचं आणि मग दोन्हीकडच्या सरकारांच्या कानावर घातलं जायचं. टिपणात प्रत्येक वाक्याची सुरुवात एकच, ‘एक सदस्य म्हणाला’. त्यामुळे कोणाची नोकरी गेली नाही, कोणी तुरुंगात गेलं नाही, आणि दोनदा तरी युद्ध टळलं असं कर्णिक सांगत. त्यात थोडी फुशारकी होती, पण थोडीच.

टिपणं लिहायच्या डॉ. उल्का जगदाळे. एकोणतिसाव्या वर्षी त्या संस्थेत लागल्या आणि पुढची बावीस वर्षं, चव्वेचाळीस बैठका, त्यांनी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून लिहून काढल्या. टिपणाच्या दोन प्रती निघत. एक पुण्यात राही, दुसरी पलीकडचे प्रोफेसर रिन्चेन आपल्या संस्थेत नेत. कोणतं वाक्य कोणाचं हे फक्त उल्काताईंच्या डोक्यात होतं, आणि ते तिथून बाहेर पडणार नाही असा शब्द त्यांनी दोन्ही बाजूंना दिला होता.

कर्णिक वारले. मग संबंध इतके बिघडले की व्हिसाच मिळेना, आणि कँडी संपली. संस्थेपाशी उरली टिपणं, आणि दिल्लीहून प्रशिक्षणाला येणारे तरुण अधिकारी. नवे संचालक निमकर हुशार गृहस्थ होते. समोर बसायला पलीकडची माणसं येत नाहीत ना, मग पलीकडचा माणूस इथेच तयार करू, असं त्यांनी ठरवलं.

भाषेची यंत्रं तोवर घरोघरी झाली होती. त्यामागची युक्ती समजायला अवघड नाही. एखाद्या माणसाचं आयुष्यभराचं बोलणं यंत्राला वाचायला द्यायचं. कशानंतर तो काय म्हणतो, कितीदा नाही म्हटल्यावर हो म्हणतो, चिडला की कोणता शब्द वापरतो, हे यंत्र मोजत जातं. मग त्याच्यापुढे नवा प्रसंग ठेवला की तो माणूस काय करेल याचा अंदाज ते बांधतं, आणि अंदाजाची खात्री किती तेही टक्क्यांत सांगतं. एका माणसाऐवजी शिष्टमंडळाचं बोलणं दिलं तर यंत्र शिष्टमंडळासारखं वागू लागतं. कँडीची टिपणं म्हणजे अशा यंत्राला पंचपक्वान्नच होतं.

अडचण नावांची होती. नऊ हजार वाक्यांतली आपली कोणती आणि त्यांची कोणती, हे यंत्राला कळणार कसं? निमकर उल्काताईंकडे आले.

“मॅडम, तुम्हाला सगळं आठवतं. महिनाभर बसा आणि वाक्यांपुढे खुणा करून द्या.”

“शब्द दिलाय मी.”

“कर्णिक साहेब तर गेले.”

“रिन्चेन आहेत ना अजून. एक वाक्य त्यांच्या नावावर गेलं, तर म्हातारपणी तिकडच्या तुरुंगात जातील. ते मला विचारूच नका.”

निमकरांनी फार ताणलं नाही. त्यांच्या इंजिनिअरांनी वाक्यं निवडणारा एक प्रोग्राम लिहिला. आपली बाजू कशी बोलते हे त्याला शिकवायला आपल्या सरकारची तीस वर्षांची छापील निवेदनं दिली. जे वाक्य त्या निवेदनांसारखं वाटेल ते आपलं, उरलेलं पलीकडचं. उल्काताईंनी ही पद्धत वाचली आणि खाली तज्ज्ञ म्हणून सही केली. आपला शब्द राहिला याचंच त्यांना बरं वाटलं होतं.

यंत्राचं कागदोपत्री नाव काहीतरी भारदस्त होतं. प्रशिक्षणाला येणारी मुलं त्याला ‘पलीकडचा’ म्हणत. काचेच्या खोलीत त्याच्यापुढे बसून सहा-सहा महिने ती वाटाघाटी करत आणि हरत, चिडत, शिकत. पलीकडचा आधी आडमुठेपणा करी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुरकुरे, आणि आपण ठाम राहिलो तर शेवटी नमे. ‘धीर धरा’ हाच धडा होता, आणि तो शिकवायच्या उल्काताई.

पहिल्या तुकडीतली त्यांची सगळ्यात आवडती विद्यार्थिनी ऋजुता सोनवणे. चोपड्याची, एसटी कंडक्टरची मुलगी, आणि बोलण्यात अशी पक्की की पलीकडच्यालाही घाम फोडील. संस्थेत असताना रविवारी ती उल्काताईंच्या घरी येऊन शेवभाजी करायची आणि भांडी घासताना त्यांच्याशीच वाटाघाटी करायची. २०४७च्या ऑगस्टात, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ती कोलंबोला शिष्टमंडळाची प्रमुख म्हणून गेली. उल्काताईंनी पेढे वाटले.

वाटाघाटी होत्या एका तळ्याच्या. सुरधार नदीच्या उगमाशी, सरहद्दीपलीकडे बारा किलोमीटरवर कांगसर नावाचं तळं तयार झालं होतं. हिमनदी वितळून मागे हटते तेव्हा तिने ढकलत आणलेला दगडमातीचा ढीग जागेवर राहतो आणि त्याच्यामागे पाणी साचतं. ढिगाच्या पोटात जुना बर्फ असतो. दगडांना धरून ठेवणारा चुना म्हणजे तो बर्फ. तोच वितळला की बांध आतून पोकळ होत जातो आणि बाहेरून मात्र ठणठणीत दिसतो. आता कांगसर फुगलं होतं. खाली आपल्या बाजूला सुरधारच्या खोऱ्यात अकरा गावं आणि देवथल नावाचं एक शहर, मिळून एकवीस हजार माणसं राहत होती. बांध तीन आठवडे टिकेल असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता.

उपायही ठाऊक होता. बांधावरून मोठे नळ टाकून त्यांचं बाहेरचं तोंड तळ्याच्या पातळीखाली ठेवलं की पाणी आपोआप ओढलं जातं, पंप लागत नाही. नळ वर न्यायला अवजड हेलिकॉप्टरं हवीत, ती आपल्याकडे. तळं त्यांच्या हद्दीत. दोघांनी सगळं मान्य केलं, एक मुद्दा सोडून. आपल्या हेलिकॉप्टरमध्ये वैमानिकाशेजारी त्यांचा एक अधिकारी बसणार, असं ते म्हणाले. बसणार नाही, असं आपण म्हणालो.

एका खुर्चीवर घोडं अडलं.

ऋजुताकडे दिल्लीचं एक बंद पाकीट होतं. त्यात खुर्ची देऊन टाकायची परवानगी होती, पण अट घातलेली. पलीकडच्यांनी नमण्याची शक्यता यंत्राच्या अंदाजात चाळीस टक्क्यांच्या खाली गेली तरच पाकीट फोडायचं. पहिल्या दिवशी यंत्राने ती सांगितली ब्याऐंशी. पाचव्या दिवशी दुपारी ते सोडतील, असाही अंदाज दिला. आणि खोरं रिकामं करू नका, असं सुचवलं. माणसं हलवली तर आपण घाबरलो हे पलीकडे कळेल आणि ते आणखी ताठ होतील. दिल्लीतल्या वाटाघाटी कक्षाला ते पटलं. हुकूम निघाला नाही.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऋजुताचा फोन आला. गुरू म्हणून उल्काताईंचं नाव सल्लागारांच्या यादीत होतं, तेव्हा बोलायला हरकत नव्हती.

“मॅडम, अजून हलत नाहीयेत. पण त्र्याऐंशी टक्के दाखवतंय. खूणसुद्धा सांगितलीय.”

“कसली खूण?”

“सोडायच्या आधी ते सगळ्यांसाठी चहा मागवतात म्हणे. म्हणतात, ‘एवढ्या लांब आलो, हात हलवत जायचं का? चहा मागवा आणि लिहा तुमचं.’ मी तेवढ्याचीच वाट बघतेय.”

उल्काताईंच्या हातातला घास हातातच राहिला. रिन्चेन चहाला शिवत नसत. त्यांची सगळीच मंडळी आपापल्या थर्मासमधलं गरम पाणी प्यायची, बावीस वर्षांत त्यात बदल झाला नाही. चहा मागवायचे कर्णिक सर. दोन-तीन दिवस ताणायचे, मग खुर्ची मागे सरकवून नेमकं हेच वाक्य बोलायचे, आणि मुद्दा सोडून द्यायचे. सोडायचं हे सरांनी ठरवलेलं असायचं. त्यासाठीच तर ते कँडीला जात.

ताठ वाक्य आपलं, मऊ वाक्य पलीकडचं. छापील निवेदनात कधी कोणी माघार घेतो का? सरांची प्रत्येक माघार त्या प्रोग्रामने उचलून पलीकडच्यांच्या तोंडी घातली होती. आठ वर्षं मुलं काचेच्या खोलीत बसून कर्णिक सरांशीच भांडत होती, आणि सर नमले की आपण जिंकलो असं समजत होती.

“ऋजुता, ऐक माझं. ते चहा मागवणार नाहीत. ते सर होते गं! तू खुर्ची देऊन टाक.”

ऋजुताचा आवाज एकदम औपचारिक झाला.

“मॅडम, हा फोन रेकॉर्ड होतोय.” मग हळू आवाजात, “मला पाकीट असं फोडता येत नाही. आणि तुम्हीच ना शिकवलंत, खोलीबाहेरचा माणूस घाबरला की त्याचं ऐकायचं नाही म्हणून?”

शिकवलं होतं खरं. उल्काताई तडक निमकरांच्या खोलीत गेल्या. निमकरांनी सगळं ऐकून घेतलं. चेष्टा केली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

“आठ वर्षांत सत्तावीस वाटाघाटी झाल्या, मॅडम. चोवीस वेळा बरोबर आलंय ते. चुकीच्या वाक्यांवर उभं असतं तर आलं असतं का?”

“आलं, कारण तिकडे अजून जुनी माणसं बसत होती. ती खरंच सोडायची, आपलीही सोडायची. या वेळी समोर कोण आहेत बघा. सगळे चाळिशीच्या आतले.”

“पुरावा काय देऊ दिल्लीला? तुमची आठवण?”

“खुणा करून देते.”

आठ वर्षांपूर्वी हेच मागितलं होतं, असं निमकर म्हणाले नाहीत. त्यांनी शेजारी खुर्ची ओढली आणि टिपणं पडद्यावर उघडली.

त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी उल्काताई खुणा करत बसल्या. सुरुवातीला सरांची वाक्यं होती, ती सोपी गेली. मग एक वाक्य आलं, ‘आमच्या लष्कराला हे पटणार नाही, पण लष्कर म्हणजे देश नव्हे’. ते कँडीच्या व्हरांड्यात रिन्चेननी म्हटलं होतं आणि म्हणून झाल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं होतं. उल्काताईंनी त्याच्यापुढे त्यांचं नाव लिहिलं. दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. आपण नीच काम करतोय, असं त्यांना अगदी स्पष्ट वाटलं, आणि त्या पुढच्या वाक्याकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी चारपर्यंत दोनशे अकरा वाक्यं झाली. यंत्राला नव्याने शिकवलं. त्र्याऐंशीचे शहात्तर झाले.

“नऊ हजारांतली दोनशे,” निमकर म्हणाले. “तेवढ्याने त्याची चाल किती बदलणार?”

त्यांनी तरीही दिल्लीला टिपण पाठवलं. उत्तर आलं, शहात्तर हे चाळिसापेक्षा पुष्कळ जास्त आहेत. धीर धरावा.

उल्काताईंकडे अजून एक मार्ग होता. रिन्चेनचा नंबर त्यांना पाठ होता. पण सरकारी वाटाघाटी चालू असताना पलीकडच्यांशी बोलणं हा नव्या कायद्याने गुन्हा होता, आणि फोन त्यांचाही ऐकला जात असणारच. सातव्या दिवशी सकाळी त्यांनी नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. आजवर पाळलेला शब्द त्यांनी कालच मोडला होता. त्या म्हाताऱ्याला आणखी गोत्यात आणायची हिंमत त्यांच्यात उरली नव्हती. पुढे आयुष्यभर त्यांना हेच खात राहणार होतं, तेव्हा ते इथे लपवण्यात अर्थ नाही.

नवव्या दिवशी सकाळी अकराला बांध फुटला. शास्त्रज्ञांचा अंदाज तीन आठवड्यांचा होता, पण बर्फाने अंदाज वाचला नव्हता. पाण्याला देवथलपर्यंत पोचायला अठ्ठावीस मिनिटं लागली. संस्थेच्या कँटीनमध्ये सगळे उभ्याने टीव्ही बघत होते. पडद्यावर आधी तपकिरी पाणी होतं, मग नुसता चिखल, आणि मग कितीतरी वेळ काहीच कळेना की आपण काय बघतोय. तिथे काल शाळा होती, असं बातमी देणारी मुलगी सांगत होती आणि बोट दाखवत होती. तिने दाखवलेल्या जागी काही नव्हतं. संध्याकाळपर्यंत आकडा तीन हजारांवर गेला. निमकर जिन्यात बसून रडले.

तीन दिवसांनी सकाळी उल्काताईंचा फोन वाजला.

“ताई, मी रिन्चेन बोलतोय.” पुण्यात पीएच.डी. करताना सहा वर्षं मेसमध्ये जेवून शिकलेलं मराठी ते अजून बोलत. “आता वाटाघाटी नाहीत, तर गुन्हा पण नाही. म्हणून केला फोन.”

उल्काताईंनी विचारलं, “तुमच्याकडे…?”

“आमची दोन गावं गेली. तळ्याच्या काठची. ताई, तुम्हाला एक विचारायचं आहे. तुमच्या मुलांनी खुर्ची का नाही दिली? आमचं यंत्र सांगत होतं, भारतवाले देणार. चहा मागवतील आणि देणार.”

“तुमचं यंत्र?”

“तुमच्याकडे आहे तसंच. टिपणं तर तीच ना? नावं नव्हती, तर आमच्या पोरांनी सरकारी निवेदनं देऊन निवडली. आमची निवेदनं पण ताठ असतात. जेवढं मऊ, तेवढं सगळं तुमच्या नावावर घातलं. कर्णिकसाहेबांचं पण, माझं पण.” मग ते म्हणाले, “आमच्या बाजूने बोलणाऱ्या मुलाकडे पण पाकीट होतं, ताई. खुर्चीचा हट्ट सोडायची परवानगी होती त्यात. तो तुमच्या चहाची वाट बघत बसला.”

“प्रोफेसर, मी तुमची नावं लिहून दिली. तुमच्या वाक्यांपुढे. मला माफ करा.”

“मी पण बसलो होतो,” रिन्चेन म्हणाले. “सहाव्या दिवशी. तुमच्या साहेबांचं नाव लिहीत. माझ्याकडून शंभर झाली. म्हातारा झालो, आठवत नाही आता.”



ऋजुता पुण्याला आली ती महिन्याने. उल्काताईंनी दार उघडलं तेव्हा क्षणभर त्यांनी तिला ओळखलंच नाही, इतकी ती वाळली होती. आत येऊन ती सोफ्याच्या कडेला बसली, पाहुण्यासारखी.

“जेवलीस का गं?”

“चौकशीचा अहवाल आला, मॅडम.” तिने पिशवीतून कागद काढला. “मी निर्दोष आहे. ‘शिष्टमंडळाच्या प्रमुखांनी प्रत्येक पायरीवर प्रशिक्षणानुसार निर्णय घेतला’, असं लिहिलंय. बढती देतायत मला. आणि यंत्रात कोलंबोची नऊ दिवसांची नोंद घालणार आहेत, या वेळी नावांसकट. तिकडच्या यंत्रातही जाईल ती, आणि त्यांच्या पुढच्या तुकडीला माझ्याशी भांडायला शिकवतील.”

उल्काताई तिच्याशेजारी बसल्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला.

“रोज सकाळी उठले की पहिल्यापासून सगळं आठवते. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. मी कुठे चुकले ते शोधते. नवव्या दिवसापर्यंत येते आणि सापडत नाही. तुम्ही माझे पेपर तपासायचात तेव्हा बरोबर बोट ठेवायचात. म्हणून आले.” तिने मान वर केली. “खरं सांगा, मॅडम. मी तुम्ही शिकवलं तसंच केलं ना?”

चुकलीस, असं म्हणता आलं असतं. निदान तिला धरायला काहीतरी मिळालं असतं, तिचं स्वतःचं असं एखादं पाप, जे रडून, जन्मभर झिजून थोडं तरी फेडता येतं. पण उल्काताईंना तिच्याशी खोटं बोलणं कधी जमलं नव्हतं, आणि ते आता जमावं असं त्यांना फार मनापासून वाटलं तरी जमलं नाही.

“हो गं बाळा,” त्या म्हणाल्या. “अगदी तसंच केलंस.”